देणगीची पुस्तके आणि वर्गातल्या चार भाषा



शाळेला देणगी मिळते तो दिवस आनंदाचा असतो. कधी १५ ऑगस्टचे निमित्त असते, कधी कोणाच्या वडिलांचे वर्षश्राद्ध, कधी एखाद्या माजी विद्यार्थ्याचा पहिला पगार. शाल-श्रीफळ होते, फोटो निघतो, मुले टाळ्या वाजवतात. मग खोके कार्यालयात जाते. त्यानंतर त्या खोक्याचे काय होते हे सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून आज त्यावर लिहायचे ठरवले आहे.

पूर्वी मी एका शाळेत होते. तिथे एक लोखंडी कपाट होते. दारावर देणगीदारांच्या मातोश्रींचे नाव पांढऱ्या रंगात सुबक लिहिलेले. आत शंभरावर पुस्तके. चार वर्षांत ते कपाट मी दोनदाच उघडलेले पाहिले, आणि दोन्ही वेळा तपासणी होती. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. पुस्तके साठा-नोंदवहीत चढलेली. एखादे हरवले तर उत्तर कोण देणार, ही भीती. त्यामुळे किल्ली जपली गेली. एकदा मी हिय्या करून सगळी पुस्तके खाली काढली. जाड कादंबऱ्या, बारीक टाइपातली चरित्रे, मुदत संपलेली परीक्षा-मार्गदर्शके, एक पंचांगसुद्धा. तिसरीच्या मुलाला आपले आपण वाचता येईल असे त्यात सात-आठ निघाले.

त्याच कपाटाला पाठ टेकून एक मुलगी बसायची. घरची भाषा कन्नड. हिशेबाला इतकी तल्लख की दुकानदाराने चार आणे जास्त घेतले तरी परत मागून आणायची. पण मराठीचे पुस्तक समोर आले की तिचे बोट एका अक्षरावर थांबायचे ते थांबायचेच. मी फळ्यावर लिहायचे, ती सुंदर उतरवून काढायची, आणि वाचायला सांगितले की खाली बघायची. पाचवीनंतर ती शाळेत आली नाही. पुस्तके दिली असती म्हणजे ती शिकली असती, असे मी म्हणणार नाही. पण पाठीमागच्या कपाटातली ती सात-आठ पुस्तके मला अजून आठवतात.

आता आपल्याकडे या. सदलगा हे दूधगंगेकाठचे गाव. तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव, आणि महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर. आपल्या एकेका वर्गात घरी मराठी बोलणारी मुले असतात, कन्नड बोलणारी असतात, दख्खनी उर्दू बोलणारी असतात. दसऱ्यानंतर उसाचा हंगाम सुरू झाला की फडावर आलेल्या टोळ्यांची मुले येतात; त्यांतल्या बंजारा मुलांची घरची बोली गोरमाटी. आपल्या गावाला हे नवे नाही. आचार्य विद्यासागर महाराजांचा जन्म इथलाच, १९४६ चा. घर कन्नड, शिक्षण कन्नडातून, आणि पुढे त्यांनी ‘मूकमाटी’ हे महाकाव्य लिहिले ते हिंदीत. एका माणसाच्या आयुष्यात भाषा अशा बदलतात हे आपण पाहिले आहे. प्रश्न आहे तो सहा वर्षांच्या मुलाला त्या बदलात हात कोण देणार, याचा.

या भागातल्या भाषांवर जगभर वाचला जाणारा एक अभ्यास झाला आहे, आणि तो झाला आपल्यापासून फार दूर नसलेल्या गावात, सांगली-मिरजेला लागून असलेल्या कुपवाडमध्ये. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी १९७१ मध्ये तो प्रसिद्ध केला. कुपवाडात तेव्हा कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू बोलली जात होती. शेकडो वर्षे शेजारी राहून या भाषांची वाक्यरचना इतकी एकसारखी झाली होती की एका भाषेतले वाक्य घ्यावे, शब्दाच्या जागी शब्द ठेवावा आणि दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार व्हावे. शब्द मात्र प्रत्येक घराने आपापले जपले होते.

शिक्षकाला यातून फार उपयोगाची गोष्ट मिळते. आपल्या भागातल्या कन्नड घरातल्या मुलाला मराठीचे वाक्य अगदी परके वाटत नाही, त्याची घडण त्याच्या कानात असते. त्याला हवे असतात शब्द, आणि शब्दांना जोडलेली अक्षरे. म्हणजे व्याकरणाच्या वह्यांपेक्षा चित्र आणि त्याखाली शब्द असलेली कार्डे त्याच्या जास्त कामाची.

पण चित्राखालचा शब्दही नीट पाहून घ्यावा लागतो. एका तक्त्यावर पांढऱ्या केसांच्या बाईचे चित्र होते, शेजारी तरुण बाईचे. तरुण बाईखाली ‘आई’ लिहिलेले. पहिलीतला एक मुलगा काही केल्या मानेना. “बाई, ही आयी न्हवं. आयी ती म्हातारी. ही अव्वा.” त्याचे बरोबरच होते. आपल्याकडच्या बऱ्याच कन्नड घरांत आजीला ‘आयी’ म्हणतात आणि आईला ‘अव्वा’. तक्ता छापणाऱ्याला हे कुठून माहीत असणार? आम्ही त्या चित्राखाली पेन्सिलीने ‘अव्वा’ लिहिले, म्हातारीच्या खाली ‘आयी’ आणि ‘आजी’ दोन्ही लिहिले, आणि मुलगा पुढच्या चित्राकडे वळला.

अक्षरांचेही तसेच आहे, आणि इथे पालकांनी थोडे लक्ष द्यावे. कर्नाटकात कन्नड भाषा अध्ययनाचा कायदा २०१५ मध्ये झाला. त्यानुसार कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते. म्हणजे मराठी माध्यमाचे मूल लहान वयातच दोन लिप्या हाताळते. ओझे वाटते खरे, पण दोन्ही लिप्या ब्राह्मीच्याच लेकी. वर्णमालेचा क्रम तोच: क ख ग घ, मग च, मग ट, त, प. आपली बाराखडी तशी त्यांची ‘कागुणित’. मराठीचा ‘ळ’ हिंदीवाल्यांना अडतो, कन्नड मुलाच्या जिभेवर तो आधीपासून असतो. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द तर आपण कन्नडकडूनच घेतले.

फरक आहेत ते मोजके, पण नेमके तिथेच मूल अडते. देवनागरीत शब्दावर रेघ असते, कन्नडात ती नसते. तिथे बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर छोटी खूण असते. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो आणि उच्चार नंतर करतो. कन्नडात तशी उलटापालट नाही, ती खूण अक्षराच्याच डोक्याला चिकटते. म्हणून कन्नड आधी गिरवलेले मूल ‘कि’ लिहिताना वेलांटी नंतर काढू लागते आणि ती दुसरी वेलांटी होऊन बसते. कन्नडात ए आणि ओ यांचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन-दोन स्वर आहेत, मराठी लिपीत एकेकच. उलट मराठीत ‘चार’चा च आणि ‘चमचा’चा च वेगळा उच्चारतात, पण लिहितात एकच. वर्गात कन्नड मूल ‘चमचा’ शब्दाला अडखळले की बाकीची मुले हसतात. हसू नये. अक्षरात तो फरक दिसतच नाही, तो कानानेच शिकायचा असतो.

उर्दूचे आणखी वेगळे. ती लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि पुस्तक आपल्या दृष्टीने मागून उघडते. एका मुलाने पहिल्याच दिवशी पुस्तक ‘उलटे’ धरले म्हणून मीच त्याला बोलले होते. दोन दिवसांनी कळले की तो घराजवळ अलिफ-बे शिकत होता आणि त्याच्या हाताला तीच सवय होती. पुस्तक कसे धरायचे हे त्याला माहीत होते, कोणते पुस्तक कसे धरायचे एवढेच सांगायचे होते. माझे बोलणे त्याने किती दिवस मनात ठेवले असेल कोण जाणे.

म्हणून देणगीदारांना माझी पहिली विनंती अशी की तक्ते द्यायचे तर देवनागरी आणि कन्नड शेजारी-शेजारी असलेले द्यावेत. बाजारात ते नेहमी मिळत नाहीत. तर मग जाड कार्डशीट, रंगीत स्केचपेन आणि चिकटपट्टी द्यावी. सातवीची मुले दोन दुपारींत तक्ता करतात, आणि छापील तक्त्यापेक्षा तो जास्त वाचला जातो, कारण लिहिणारा शाळेतच हिंडत असतो आणि चूक निघाली तर त्याला पकडता येते!

कार्डांवरून न्यूझीलंडच्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या शिक्षिकेची आठवण होते. माओरी मुलांना परक्या गावच्या, परक्या घरच्या गोष्टींचे पाठ वाचता येत नव्हते. तेव्हा त्या रोज एकेका मुलाला विचारत, तुला आज कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द जाड कार्डावर लिहून त्याच्या हातात देत. दुसऱ्या दिवशी मुलाला जो शब्द ओळखता येत नसे तो काढून टाकत. तो त्याला हवाच नव्हता असे समजत. ‘टीचर’ हे त्यांचे पुस्तक १९६३ मध्ये आले.

एका हंगामात मी हे करून पाहिले. फडावरून आलेला एक मुलगा तीन आठवडे वर्गात तोंड उघडत नव्हता. ‘कमळ’, ‘बदक’ यांत त्याला काही रस नव्हता. शब्द विचारल्यावर तो म्हणाला, “कोयता.” ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीलाही ‘कोयता’च म्हणतात, म्हणजे त्याच्या दृष्टीने तो शब्द आई-बापाचा होता. मी कार्डावर ‘कोयता’ लिहून दिले. मग ‘बैल’, ‘गाडी’, ‘मोळी’, ‘वाढे’, ‘पाचट’. होळीपर्यंत त्याच्याकडे चाळीसच्या वर कार्डे झाली. वाढे म्हणजे काय हे त्याने गावातल्या दोन मुलांना समजावून सांगितले, तेव्हा त्याचा आवाज मी प्रथम नीट ऐकला. टोळी परत गेली तेव्हा तो कार्डांचा गठ्ठा सुतळीने बांधून घेऊन गेला. ती कार्डे लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची होती. एका पालकांनी घरातल्या जुन्या पत्रिका पिशवी भरून आणून दिल्या होत्या. माझ्या नोकरीतली ही सर्वांत स्वस्त देणगी.

स्वस्त साधनांचे काम आपल्याकडे याहून फार मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीने काम केलेले होते. पण ती साधने महाग, आणि वारली पाड्यांवरच्या मुलांना अनोळखी. तेव्हा त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने, बांबू यांतूनच साधने घडवली. मुले शाळेत येईनात, तर पाड्याच्या अंगणात बालवाडी भरवली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर चालणारा शब्द त्या अंगणातून आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. अशा कामाला देणगी हवीच असते, पण काय हवे ते आधी मुलांकडे पाहून ठरते.

आता पुस्तकांकडे वळू. पुस्तके नकोत असे मी मुळीच म्हणत नाही. कार्डांवर चाळीस शब्द झाले की मुलाला पूर्ण गोष्ट हवी असते, आणि ती त्याच्या हाताला लागेल अशा जागी हवी असते.

कोणती पुस्तके? सगळ्यांत आधी शब्द नसलेली, फक्त चित्रांची. लोक म्हणतात, यात वाचायचे काय? अशा पुस्तकातली गोष्ट मूल आपल्या घरच्या भाषेत सांगते. मोठा विद्यार्थी ती ऐकून मराठीत लिहितो. दुसऱ्या दिवशी ते मूल स्वतःचीच गोष्ट वाचायला बसते. अर्थ त्याला ठाऊकच असतो, अक्षरांशी तेवढी गाठ घालायची असते. त्यानंतर एकच गोष्ट दोन भाषांत असलेली पुस्तके. बंगळूरची प्रथम बुक्स ही संस्था २००४ पासून मुलांची स्वस्त पुस्तके मराठी, कन्नड, उर्दू धरून अनेक भाषांत काढते. २०१५ मध्ये त्यांनी ‘स्टोरीवीव्हर’ हा संग्रह खुला केला. त्यातल्या गोष्टी वाचनाच्या चार पायऱ्यांत लावलेल्या आहेत आणि मूळ लेखक-चित्रकारांची नावे ठेवून त्या छापून घेण्याची, भाषांतर करण्याची परवानगी दिलेली आहे. म्हणजे एखाद्या पालकाने गोष्ट मराठीत आणि कन्नडात छापून, दोन्ही प्रती एका पिशवीत घालून दिल्या तर ती चोरी होत नाही. चित्रे तीच, पाने तीच. मराठी मूल आणि कन्नड मूल एका बाकावर बसून एकमेकांचे पान वाचतात. मी पाहिले आहे की मराठी मुले अशा वेळी कन्नड लवकर शिकतात, कारण शिकवणारा शेजारीच बसलेला असतो.

दृष्टिहीन मुलांविषयी एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ ही एक सामाईक पद्धत ठरली. सहा टिंबांच्या चौकटीत डाव्या रांगेतले सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे टिंब उठले की तो ‘क’. मराठीतही तोच आणि कन्नडातही तोच. डोळस मुलांना दोन लिप्या शिकाव्या लागतात, बोटांनी वाचणाऱ्या मुलाला मात्र एकीत दोन्ही भाषा साधतात. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये सुरू केले. आपल्याकडे असे मूल दाखल झाले तर ब्रेल पाटी, टोच्या आणि जाड कागद पहिल्याच आठवड्यात हवा. वार्षिक संमेलनापर्यंत थांबून चालणार नाही.

आणि जागा कोणती? सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शिकलेले गावकरी वाचायला काही नसेल तर अक्षरे विसरतील, हे त्यांच्या ध्यानात आले. १९१० मध्ये त्यांनी बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना आणले आणि फिरत्या पेट्या सुरू झाल्या. पुस्तकांची पेटी एका गावी जायची, वाचून झाली की परत यायची, दुसरी निघायची. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केली, तीही पेट्यांचीच. वाढदिवसासारख्या निमित्ताने लोकांनी दिलेल्या देणगीतून पुस्तकांची पेटी तयार होते, एका वाचकगटाकडे काही महिने राहते आणि मग गटागटांत बदलते. पेटी एका जागी रुतून बसत नाही.

आपल्याला एवढ्या पेट्या नकोत. पहिली ते चौथी वर्गाला एकेक, पत्र्याची, बिनकुलपाची. दर महिन्याला वर्गावर्गांत बदलायची.

विश्वस्त मंडळींना इथे स्पष्ट बोलते, राग नसावा. बिनकुलपाची पेटी शिक्षक तेव्हाच ठेवील जेव्हा हरवलेल्या पुस्तकासाठी त्याला कोणी जाब विचारणार नाही. तेव्हा पुढच्या बैठकीत एक ठराव व्हावा: दरवर्षी पेटीतली दहापैकी एखाद-दोन पुस्तके फाटणार, एखादे हरवणार, ते नोंदवहीतून कमी करावे आणि शिक्षकाकडून भरून घेऊ नये. मुले वाचतात तेव्हा पाने सुटतात. दहा वर्षांनी कोरे करकरीत निघालेले पुस्तक मला जास्त खटकते. दुसरे असे की देणगीदार विचारतात, “शाळेला काय पाहिजे?” आणि आपण संकोचाने म्हणतो, “तुमच्या इच्छेला येईल ते.” यापुढे त्यांच्या हातात शिक्षकांनी केलेली यादी द्यावी. वर्गात किती मुले, घरच्या भाषा कोणत्या, कोण कुठे अडते, हे त्या यादीच्या वर लिहिलेले असावे. ज्यांना नाव रंगवायचे आहे त्यांनी पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने जरूर रंगवावे. पेटी रोज उघडेल, म्हणजे नाव रोज दिसेल. सत्काराची शाल वाचली तर तेवढ्यात कार्डशीटचा वर्षाचा खर्च निघतो, हेही जाता जाता.

पालकांना एवढेच सांगायचे की आपल्याला मराठी वाचता येत नाही म्हणून लाजू नका. मुलाला शेजारी बसवा, चित्र दाखवून विचारा, याला आपल्यात काय म्हणतात? त्याने सांगितलेला शब्द त्याच्याकडूनच देवनागरीत लिहून घ्या. निऱ्या, बुगडी, कुरडई, सांडगे, काहीही चालेल.

विद्यार्थ्यांसाठी या महिन्याचा अभ्यास: घरातल्या दहा वस्तू निवडा. प्रत्येकीचे नाव तुमच्या घरच्या भाषेत आणि मराठीत एका कार्डावर लिहा, मागच्या बाजूला चित्र काढा. कन्नड येत असेल त्यांनी तिसरी ओळ कन्नड लिपीत लिहावी. सहावी-सातवीच्या मुलांनी आजीला किंवा आजोबांना विचारून असा एक शब्द शोधावा जो आता घरात कोणी वापरत नाही. कार्यालयाच्या खिडकीत बिस्किटाचा मोठा डबा ठेवला आहे, कार्डे त्यात टाकावीत. नाव आणि इयत्ता लिहायला विसरू नये. शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेत ती वर्गवार वाटून पहिलीच्या पेटीत घालू. डब्याला कुलूप नाही.